गाठीवरचा हात

डॉक्टरांना दुर्मीळ गाठींचा शौक होता. लोक जुनी घड्याळं जमवतात, हे स्तनांचे एक्स-रे जमवत. शौकीन माणसाला प्रेक्षक लागतात. त्यामुळे चांगलं चित्र हाती लागलं, की चहाच्या वेळी अख्खा विभाग कप घेऊन त्यांच्या अंधाऱ्या खोलीत जमे.

त्या सकाळी एका ग्रंथपाल बाईंचं चित्र आलं. स्तनातच आणखी एक लहानसा स्तन असावा तशी गाठ: पातळ वेष्टन, आत तीच चरबी, त्याच ग्रंथी. हॅमार्टोमा. अगदी निरुपद्रवी, आणि नुसत्या चित्रावरून ओळखता येणारी. सर्जननी मात्र हाताला गाठ लागली म्हणून दुपारचं ऑपरेशन ठरवून टाकलं होतं. त्यांना चित्र दाखवलं की काम झालं.

पण आधी चहा.

"एकावर एक फुकट," डॉक्टर म्हणाले. मंडळी पोट धरून हसली.

हसू ओसरल्यावर कळलं, की पडद्यापलीकडे बाई अजून कपडे बदलत होत्या. तिकडची सळसळ एकदम थांबली. डॉक्टरांचे कान तापले. कोणी कोणाकडे बघेना.

"डॉक्टर, कडेला बोट आलंय," मशीनवरच्या ताई म्हणाल्या.

त्यात नवल नव्हतं. दुसरा स्तन बाजूला धरताना बाईचं बोट कधीमधी चित्रात येतंच.

"पण मघाशी नव्हतं," ताई म्हणाल्या.

बोटामागून दुसरं बोट आलं. सगळे बघत असताना पांढऱ्या हाडांचा पंजा सरकत आला आणि गाठीवर अलगद विसावला.

ताईंनी बाईंना परत मशीनपाशी नेऊन पुन्हा चित्र काढलं. त्यातही पंजा होताच.

"दोन्ही हात मशीनच्या दांडीला होते त्यांचे. मी समोर उभी होते."

सर्जन आले. "हस्तसामुद्रिक कधीपासून सुरू केलंस?"

"खाली हॅमार्टोमा आहे. मी पाहिलाय."

"मला दिसू दे. नाहीतर मी काढणार."

डॉक्टरांनी खोली रिकामी केली. पंजा हलला नाही. शेवटी ते पडद्यापाशी गेले.

"बाई, मघाशी मी जे..."

"ऐकलं मी."

"चुकलं माझं."

पडदा सरकला. "सगळ्यांना दाखवलंत," बाई म्हणाल्या. "मला नाही दाखवलंत."

डॉक्टरांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. पंजा एकेक बोट उचलत बाजूला झाला.

"ही होय," बाई हलकेच म्हणाल्या. "उगाच घाबरले हिला."

सर्जननी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं, मान डोलावली आणि ऑपरेशन रद्द केलं.

सगळे गेले. डॉक्टर अहवाल लिहायला बसले. एकदा माप घ्यावं म्हणून चित्र उघडलं.

पंजा परत आला होता.

त्यांनी उठून दार लावलं. कडी घातली.

"आता मी एकटाच आहे," ते म्हणाले.

पंजा सावकाश उचलला गेला. गाठीवरून नाही, चित्रातूनच बाहेर.

मागे कोणीतरी हसू दाबलं.

डॉक्टरांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली. तरी उघडंच वाटत होतं.