बंपरवरचा पांढरा डाग

फौजदार गॅरेजवर पोचले, तेव्हा हवालदाराने तिथे काम करणाऱ्या मावशींना पोलिसांच्या गाडीत बसवूनही टाकलं होतं.

"आरोपी सापडलाय साहेब," मालक हात जोडत पुढे आला. "तुम्हाला उगाच त्रास झाला."

"आरोपी इतक्या लवकर सापडला की मला त्रास होतोच," फौजदार म्हणाले. "काय झालं ते सांगा."

या गॅरेजात गाड्यांचं उन्हाने विटलेलं प्लॅस्टिक आणि रबर पुन्हा काळंभोर करून मिळे. भिंतीवर मालकाच्या मेहुण्याचा कोट घातलेला फोटो होता आणि त्याखाली 'मुख्य तज्ज्ञ' अशी अक्षरं. प्रत्यक्ष तज्ज्ञ पंख्याखालच्या एकुलत्या खुर्चीत पसरला होता. काम मावशी करत. तज्ज्ञ गिऱ्हाइकांना चार मोठे शब्द ऐकवत असे, आणि तेही चुकीचे.

दुपारी एका डॉक्टरची लाल गाडी इथून बाहेर पडली, कोपऱ्यावर एका म्हाताऱ्याला उडवून तशीच परत आली. समोरच्या शिंप्याने गाडी ओळखली होती, पण काचेवर ऊन असल्यामुळे चालवणारा त्याला दिसला नाही. म्हातारा बेशुद्ध होता. तो दगावला तर चालवणाऱ्याची बरीच वर्षं तुरुंगात जाणार होती.

"चावी कुणाकडे होती?"

"मावशीकडे," मालक म्हणाला. "गाडी तिच्याच हातात होती."

"मी जेवायला बहिणीकडे गेलो होतो," मेहुण्याने कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. "ताईला विचारा."

ताई म्हणजे मालकाची बायको. ती दारातच उभी होती. "हो, माझ्याकडेच जेवला," ती म्हणाली आणि पदराचं टोक पिळत राहिली. काय जेवला, असं फौजदारांनी विचारलं. "भाजी," ती म्हणाली. "आमटी," मेहुणा त्याच क्षणी म्हणाला. फौजदारांनी दोघांकडे पाहिलं.

ते मावशींकडे गेले.

"चावी खिळ्याला असते," मावशी फणकारल्या. "मी मागे डबा खात होते. बहिरी आहे मी एका कानाने, गाडी गेली काय नि आली काय. आणि पुढच्या बंपरला मी अजून हातसुद्धा लावलेला नाही. मागचा झाला, डावी बाजू झाली, पुढचा राहिलाय. डोळे असतील तर बघा."

डोळे होते. मागचा बंपर काळा कुळकुळीत होता. पुढचा राखाडी, वरच्या बाजूने जास्त विटलेला, खाली सावलीत जरा बरा. मात्र डाव्या कोपऱ्यावर एक लांब ओरखडा होता आणि त्याच्या आजूबाजूला पांढरट थर. फौजदार गुडघ्यावर बसले. पांढरं ओरखड्याच्या आत होतं, प्लॅस्टिकच्या बारीक खळग्यांत होतं, आणि अगदी खाली, जिथे ऊन पोचतच नाही, तिथेही होतं.

"ओरखडा लपवायला तिनेच काहीतरी फासलंय," मालक घाईने म्हणाला.

"असेल," फौजदार उठले आणि मेहुण्याकडे वळले. "तुम्ही मुख्य तज्ज्ञ. आरशाखालचं हे प्लॅस्टिक जरा काळं करून दाखवाल? आमच्यासारख्या अडाण्यांना कळू द्या."

मेहुणा फुलला. बाह्या सारत फळीपाशी गेला. फळीवर प्लॅस्टिकला लावायच्या काळ्या द्रवाची बाटली होती आणि शेजारी मेणाच्या पॉलिशचा चकचकीत डबा. त्याने डबा उचलला. मालकाचा हात झटकन पुढे आला आणि तितक्याच झटकन मागे गेला.

मेहुण्याने ऐटीत पॉलिश चोळलं. थोड्या वेळात ते वाळलं. प्लॅस्टिकच्या खळग्याखळग्यांत पांढरं बसलं. त्याने फडक्याने पुसलं, तर ते आणखी पसरलं.

"जुनं प्लॅस्टिक असंच असतं," तो म्हणाला.

"नाही," फौजदार म्हणाले. "बावळट माणूस असाच असतो. हे पॉलिश पत्र्याच्या रंगासाठी असतं. खरबरीत प्लॅस्टिकला लावलं की खळग्यांत अडकतं आणि पांढरं होतं. उन्हाने प्लॅस्टिक वरून विटतं, खालून नाही. म्हणजे बंपरवरचं पांढरं उन्हाचं नाही, याच डब्यातलं आहे. ते ओरखड्यातही आहे, म्हणजे धडक दिल्यानंतर लावलेलं. मावशींनी लपवायचं ठरवलं असतं तर तो कोपरा असा काळा केला असता की मला ओरखडा शोधावा लागला असता. तुम्ही डबा उचलताच मालकांचा हात अडवायला पुढे आला, म्हणजे त्यांना हे ठाऊक आहे. या गॅरेजात हे न कळणारा एकच माणूस आहे, आणि त्याचा फोटो भिंतीवर आहे."

"ताई, सांग ना!" मेहुणा ओरडला.

"काय सांगू?" ती रडत म्हणाली. "दुपारी तू घराकडे फिरकलाही नव्हतास. यांनी मला बोलायला लावलं."

मग तज्ज्ञांचा आवाज अगदी बारीक झाला. गाडी नुसती फिरवून बघायची होती म्हणे, मित्राला दाखवायची होती. म्हातारा मध्ये आला म्हणे.

हवालदाराने मावशींना खाली उतरवलं आणि त्यांच्या जागी मेहुण्याला बसवलं. मालकाने लगेच कमावलेला गोडवा बाहेर काढला. "मावशी, झालं गेलं विसरून जा. डॉक्टरांची गाडी उद्या द्यायचीय, पुढचा बंपर तेवढा..."

"उद्याचं राहू द्या," फौजदार म्हणाले. "एका निरपराध बाईविरुद्ध खोटा जबाब दिलात तुम्ही. बसा, मेहुण्याशेजारी बसा. मावशींना बसवून जागा तुम्हीच गरम करून ठेवलीत."

मालक गाडीत चढला. मावशींनी हात पुसले आणि विचारलं, "त्या बाबांना शुद्ध आली का हो?"

फौजदार त्यांच्याकडे वळले. इथे आल्यापासून हा प्रश्न दुसऱ्या कुणीच विचारला नव्हता.

"अजून नाही. सरकारी दवाखान्यात आहेत."

मावशींनी जेवणाचा डबा पिशवीत टाकला आणि त्या दवाखान्याच्या दिशेने चालू लागल्या.

"अहो मावशी," पोलिसांच्या गाडीच्या जाळीतून मालक ओरडला, "निदान शटर तरी ओढून घ्या!"

बहिरा कान त्याच्या बाजूला नव्हता. तरी त्या थांबल्या नाहीत.