प्रार्थनेचा विषय

“बायांनो, आज माझ्या सुनेसाठी प्रार्थना करा... तिचं अंतःकरण शुद्ध व्हावं म्हणून,” मुक्ताबाई डोळे मिटून म्हणाल्या, आणि पडेगावच्या त्या लहानशा बैठकीत, सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या महिला मंडळात अशी काही शांतता पसरली की स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या सुलेखाला कान टवकारायची गरजच उरली नाही!

घरसभेत प्रार्थनेचा विषय मांडण्यात नवल नव्हतं. कुणी गुडघेदुखी मांडी, कुणी मुलीचं रखडलेलं लग्न. पण हा विषय गुडघ्याचा नव्हता. बायकांनी डोळे मिटले खरे, पण मिटल्या डोळ्यांआड सगळ्यांना एकच चित्र दिसू लागलं. चहाडी करणं पाप, हे त्या प्रत्येकीला पाठ होतं. मात्र तीच चहाडी हात जोडून, ‘प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे’ अशी सुरुवात करून केली की तिची भक्ती होते, हेही बहुतेकींना ठाऊक असावं.

सुलेखा ट्रे घेऊन उंबऱ्याशी मान खाली घालून उभी राहिली. प्रार्थना संपल्यावर सगळ्यांबरोबर तीही ‘आमेन’ म्हणाली. मग तिनं एकेकीला चहा दिला, आणि शेवटचा कप सासूच्या हाती ठेवून ती आत निघून गेली.

मुक्ताबाईंच्या मनात संशय आला तो काही उगाच नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असे; येशूच्या स्मरणार्थ सगळ्यांनी भाकर खायची. भाकरीची थाळी बाकाबाकांमधून फिरे, आणि ती फिरवणाऱ्या कमिटी मेंबरांत त्यांचा राजेंद्र पांढऱ्या शर्टात उठून दिसे. नवरा दारूपायी गेला, त्यानंतर एका वसतिगृहात पोळ्या लाटून वाढवलेला हा एकुलता एक लेक! त्याच्या हातात ती थाळी पाहिली की माउलीचा ऊर अभिमानानं भरून येई... आणि तीच थाळी, खुद्द नवऱ्यानं पुढे केलेली, सुलेखा गेले काही महिने शेजारणीकडे सरकवत होती! मनात पाप ठेवून ती भाकर खाऊ नये, हे मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही शिकवलेलं असतं. मग हिच्या मनात होतं काय? आणि त्याच सुमारास दौलताबाद रोडच्या वळणावर सून एका परक्या माणसाच्या मोटारसायकलवरून उतरताना दिसली. कुठं गेली होतीस विचारलं, तर “इथंच, आत्या” म्हणून ती पदर सावरत आत पळाली. मुक्ताबाईंनी दोनात दोन मिळवले आणि उत्तर थेट मंडळापुढं मांडलं.

पुढं व्हायचं ते झालं. रविवारी सुलेखाच्या शेजारची जागा मोकळी राहू लागली. ती शिकवायची ती संडे स्कूलची मुलंही तिच्याकडून गोड बोलून काढून घेतली, आणि ‘तू जरा विश्रांती घे’ असं सांगितलं. ती मुलं म्हणजे तिचा जीव होती. तिला स्वतःचं मूल नव्हतं. मग एका दुपारी तिनं बॅग भरली आणि पिशोरला माहेरी जाऊन येते म्हणाली. परत कधी येणार ते तिनं सांगितलं नाही, आणि मुक्ताबाईंनीही विचारलं नाही.

ती आतून बॅग आणायला वळली, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. तोच माणूस! मुक्ताबाई पदर खोचून पुढं झाल्या, पण त्यानंच आधी हात जोडले. आपण कचरू, चितेगावला पंक्चरचं दुकान आहे, असं सांगून तो म्हणाला, “मावशी, सुलेखाताईला बोलवा बरं. राजूभाऊ परत पडलेत दुकानापुढं.”

“कोण राजूभाऊ?” मुक्ताबाईंनी विचारलं... आणि विचारता विचारताच त्यांना उमगलं, हा त्यांचाच राजेंद्र.

रिक्षात दोघी शेजारी बसल्या होत्या, पण सबंध पैठण रोडभर कुणी कुणाकडं पाहिलं नाही. दुकानात, जुन्या टायरांच्या आडोशाला, पोत्यावर राजेंद्र पडला होता. त्याच्या तोंडाला तोच वास होता, जो पुन्हा कधी घरात येऊ देणार नाही म्हणून मुक्ताबाईंनी नवऱ्याच्या मयतीच्या वेळी शपथ घेतली होती. सुलेखानं खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, बटणं सैल केली. तिच्या हातांना हे सवयीचं झालं होतं, आणि ते सासूच्या नजरेतून सुटलं नाही.

कचरूनं हळूहळू सगळं सांगितलं. ताई आली की भाऊ दोन घास खातात, झोपतात, उतरली की घरी जातात. घरी मात्र आईला कळू द्यायचं नाही, यासाठी ताईची लई धडपड असते. राजेंद्रला ओव्हरटाइम आहे म्हणून सून सांगायची, त्या संध्याकाळी मुक्ताबाईंना एकामागून एक आठवू लागल्या.

“मला का नाही सांगितलंस गं?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“मामंजींचं तुमी सोसलं, आत्या. तेच ताट परत तुमच्या म्होरं कसं वाढू?” सुलेखा नवऱ्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. “पर रोज खोटं बोलत व्हते. त्वांडात खोटं ठिवून ती भाकर कशी खाऊ? म्हणून थाळी सरकवली.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मुक्ताबाईंना वाटलं. लेकानं दारूच्या तोंडानं ती थाळी मिरवली, तर त्यांचा ऊर भरून आला! हिनं दयेपोटी खोटं बोलून, त्या एका खोट्यापायी स्वतःला पंगतीबाहेर बसवलं, तर हिच्या अंतःकरणाच्या शुद्धीसाठी त्यांनी अख्ख्या मंडळाला गुडघ्यावर बसवलं! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे त्या आजवर इतरांना ऐकवत आल्या होत्या.

मंडळीत सगळं खरं सांगते, असं त्या म्हणाल्या, तेव्हा मात्र सुलेखानं त्यांचे पाय धरले. “त्यांचं नाव नका घेऊ, आत्या. चारचौघांत लाज गेली तर ते अजूनच पितील.”

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, पाळकसाहेबांनी भाकर मोडण्याआधी, मुक्ताबाई बाकाचा आधार घेऊन उठल्या.

“मी माझ्या सुनेवर खोटा आळ घेतला. ती निर्मळ आहे. घाण माझ्या नजरेत होती, आणि ती मी प्रार्थनेत गुंडाळून तुमच्या घराघरांत वाटली. मला क्षमा करा... आणि पोरं तिची तिला परत द्या.”

मग ती थाळी का सरकवते, असं पुढच्या बाकावरच्या आशाबाईंनी वळून विचारलंच. मुक्ताबाईंनी राजेंद्रचं नाव ओठांवर येऊ दिलं नाही. कुजबुज सुरू झाली. सासूनंच छळलं असेल बिचारीला, असं कुणीतरी म्हणालं. ते शब्द त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतले, आणि तशाच अगदी मागच्या बाकावर जाऊन बसल्या. आज त्या भाकरीला हात लावायची त्यांची हिंमत नव्हती. सुलेखाही मागोमाग आली आणि त्यांना खेटून बसली.

समोर राजेंद्र थाळी घेऊन उभा होता. घरसभेतलं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आज पहिल्यांदा कानावर पडलं. त्यानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. मग थाळी परत मेजावर ठेवली.

“पितो मी,” तो पाळकसाहेबांना म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “ती मला उचलायला यायची.”

एवढं बोलून तो बाकांमधून चालत मागं आला आणि सुलेखापुढं उभा राहिला. सगळी मंडळी वळून पाहत होती.

सुलेखा सासूच्या अंगाला अजून थोडी चिकटली, सरकली, आणि तिनं त्याला बसायला जागा करून दिली.

मुक्ताबाईंनी ते पाहिलं. आपण तिच्या जागी असतो तर सरकलो असतो का, असं त्यांच्या मनात आलं... आणि उत्तर ठाऊक असल्यामुळं त्यांनी तोंडाला पदर लावला.