न पाडलेला कप्पा

ओलोमोउत्सच्या आमच्या रक्तपेढीच्या संगणकातलं रक्तदानाच्या नोंदींचं टेबल महिन्यामहिन्याचे कप्पे पाडून ठेवलेलं आहे. रक्त जेमतेम दीड महिना टिकतं, म्हणजे शोधताना शेवटचे दोन-तीन कप्पे उघडले की झालं. ही यंत्रणा उभी करणाऱ्या झ्दिस्लावाबाईंनी लिहिलेलं शोधाचं फंक्शन मात्र सगळेच उघडायचं. तारीख त्याला आयत्या वेळी कळायची, त्यामुळे कुठला कप्पा वगळायचा हे आधी ठरवताच येत नसे. जिवंत असेपर्यंत बाईंनी ते कुणाला बदलू दिलं नाही. मी त्यांचा चेला, पण मलाही तो हेकटपणाच वाटायचा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी डॉक्टर ब्लाझेना दारातूनच ओरडल्या, "राडिम, चार दिवसांची पोर आहे. रक्तगट लाखात एखाद्याचा. दुपारच्या आत रक्त हवंय, आणि तुझी गोगलगाय अजून सरपटतेय!"

मी फंक्शनमधली क्वेरी, म्हणजे शोधाची आज्ञा, वेगळी काढली, आजपर्यंतच्या दीड महिन्याच्या तारखा थेट लिहिल्या आणि चालवली. दोनच कप्पे उघडले. क्षणात उत्तर आलं: कुणी नाही.

"बघा, किती झटपट."

"झटपट 'नाही' म्हणायला मला यंत्र कशाला हवं रे?"

तेवढ्यात फंक्शन संपलं. एक नाव आलं. ओताकर हनाक, राहणार प्रोस्तेयोव. रक्तदानाची तारीख एप्रिलमधली.

महिनाअखेरीला पुढचा कप्पा पाडायचा आणि वर घोटभर स्लिवोवित्से, आलुबुखारची दारू, घ्यायची, ही बाईंची रीत. एप्रिलचा कप्पा मी अजून पाडलाच नव्हता. तिथे नोंद जाणं शक्यच नव्हतं.

ब्लाझेनांनी फोन लावला. फोन हनाकनेच उचलला.

"मी रक्त कधीच दिलेलं नाही हो," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात द्यावं असं कालच मनात आलं. बायकोलाही बोललो नाही."

"आजच द्या. गाडी पाठवते."

पोर वाचली. मला रडू आवरेना. काय बाई होती! आम्ही वेगाच्या मागे लागलो आणि तिने मशीनला सगळीकडे बघायला शिकवलं. मी तिच्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले.

मग कौतुकाने फंक्शन पुन्हा चालवलं.

सकाळपेक्षा जास्त वेळ लागला.

हनाकची एप्रिलची नोंद गेली होती. त्याऐवजी एक नवी होती, कितीतरी पुढच्या कप्प्यातली. दात्याचा जन्मक्रमांक, जन्मताच मिळणारा सरकारी ओळखक्रमांक, त्या पोरीचा. वय एकोणीस.

रक्त घेणारा: मी.

शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, पिशवी उशिरा पोहोचली; न वापरता परत.