निर्धास्त दे

लहान मुलांचे कपडे त्या दोघी शिंपी बहिणींतल्या धाकटीसारखे आख्ख्या बाजारात कुणी शिवत नव्हतं. तरी गल्लीनं तिचं नाव ठेवलं होतं 'परतताई'. कारण कपडा दिला की ती परत यायचीच. गिऱ्हाईक घरी पोचून चप्पल काढतंय, तोवर ही दारात हजर.

"जरा फ्रॉक बघू? आत टाचणी राहिली की काय, असं वाटतंय."

मग फ्रॉक उलटा करून पट्टीवरून, दुमडीवरून बोट फिरवायची. काही नसायचं. निघायची, आणि जिन्यात तिला वाटायचं, आता बघतानाच माझ्या अंगावरची एखादी त्यात पडली असली तर? की पुन्हा वर.

लोक हसायचे. हसण्यासारखंच होतं म्हणा. पण धाकटीच्या डोळ्यांपुढे एक पोर असायचं, कुठं टोचतंय ते सांगता न येणारं, आणि त्याला टोचणारी ती स्वतः. त्यापुढे लोकांच्या हसण्याची काय कथा!

थोरली बहीण होती तोवर हे दुखणं दुकानाबाहेर फारसं गेलं नाही. धाकटी मशिनवर बसायची, थोरली दाराजवळच्या स्टुलावर काजं-बटणं करायची. तिच्या चष्म्याची काडी तुटलेली, लाल दोऱ्यानं बांधलेली. कपडा तयार झाला की ती त्यावरून तळवा फिरवायची आणि म्हणायची, "निर्धास्त दे." एवढ्या दोन शब्दांनी धाकटीच्या छातीवरचा धोंडा उतरायचा. कधी टाचणी हाती लागलीच, तर थोरली ती धाकटीच्या शिवणकामाच्या डगल्याच्या कॉलरीत मागून, मानेपाशी खोचायची. "घे, मानेवर घेऊन फिर. म्हणजे जन्मात विसरणार नाहीस." आणि दोघी खिदळायच्या.

गेल्या हिवाळ्यात थोरली तापानं गेली. त्यानंतर धाकटीनं स्वतःच मोठ्यानं 'निर्धास्त दे' म्हणून पाहिलं. आपणच आपली पाठ थोपटावी तसं झालं ते. मग दिवसभर तिच्या खेपा सुरू झाल्या. शेवटी ती मनाच्या डॉक्टरांकडे गेली.

"दिलेल्या कपड्यात आजवर एकदा तरी टाचणी सापडली?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग आता परत जायचं नाही. शंका दारात येईल. येऊ दे. फक्त तिला चहा विचारायचा नाही."

धाकटी नेटानं घरी बसू लागली. जीव वरखाली व्हायचा, पण ती बसायची.

आणि एका सकाळी गल्लीत नव्यानंच राहायला आलेली पाववाली म्हणाली, "परतताई, आता बहिणीला पाठवता होय?"

"कुणाला?"

"त्या हो, तुमच्यासारख्याच दिसणाऱ्या, चष्म्याला लाल दोरा बांधलेल्या. झबल्यावरून हात फिरवला, 'निर्धास्त' म्हणाल्या, गेल्या."

पाववालीनं थोरलीला कधी पाहिलंच नव्हतं. धाकटी घरी आली आणि रिकाम्या स्टुलासमोर बसून राहिली. मग थोरलीला न ओळखणाऱ्या इतर घरांतूनही तेच ऐकू येऊ लागलं. धाकटी धावत जायची, तोवर थोरली नुकतीच गेलेली. अर्धं प्यायलेलं पाणी तेवढं भांड्यात दिसायचं. ते भांडं हातात धरून धाकटी उभी राहायची. साऱ्या गावाला भेटते, आणि माझ्याच घरची वाट हिला सापडू नये? असं कसं गं, ताई?

तिला एवढंच हवं होतं. एकदा भेट. एकदा तो हात.

विचार करता करता तिला एक सुचलं, आणि सुचल्यावर ती स्वतःलाच घाबरली. कपड्यात काही नसतं, म्हणून ताई लगेच जाते. खरंच टाचणी असली, तर ती सापडेपर्यंत ताई हलायची नाही.

वाटेतला खडासुद्धा कुणाला लागेल म्हणून उचलणारी ही बाई. बँकेत नव्यानं बदलून आलेल्या बाईच्या तान्ह्या मुलीचा फ्रॉक होता. धाकटीनं त्याच्या गळपट्टीत निळ्या मण्याची टाचणी सरकवली. धुऊन इस्त्री केलेला डगला अंगावर चढवला, फ्रॉक दारात दिला आणि ती जिन्याच्या वळणावर थांबली.

वर कुणी चढलं नाही.

उघड्या दारातून मुलीचं हसू आलं. मग बँकवालीचा आवाज, "चला, नवा फ्रॉक घालायचा ना?"

धाकटी आत धावली. "थांबा! घालू नका!"

फ्रॉक ओढून घेतला. गळपट्टी चाचपली, दुमड चाचपली. टाचणी नव्हती.

"होती हो. मीच घातली होती..." तिला रडू फुटलं.

"ती निळी? ती तुमच्या बहिणीनं तेव्हाच काढली की," बँकवाली म्हणाली. "तुम्ही फ्रॉक देत होतात ना, तेव्हा. तुमच्या खांद्यावरून हात घालून."

"माझ्या मागे होती?"

"होत्या म्हणजे..." बँकवालीनं धाकटीच्या खांद्यापलीकडे पाहिलं, आणि मुलीला उचलून ती दोन पावलं मागे सरली.

"टाचणी कुठं टाकली तिनं?"

"टाकली नाही. तुमच्या कॉलरीत खोचली. मला वाटलं, थट्टा करतायत."

धाकटीला भीती वाटायला हवी होती. तिला आधी मायाच दाटून आली.

"ताई," ती म्हणाली. वळली मात्र नाही. वळलं आणि कुणी नसलं तर?

तिनं हात मानेमागे नेला. कॉलरीत मणी लागला.

त्याच्या शेजारी आणखी एक टाचणी होती.

बोट पुढे सरकलं. आणखी एक. आणि एक. दाटीवाटीनं, एका रांगेत, कॉलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यांतल्या बऱ्याचशा गंजून खरखरीत झाल्या होत्या, थेट 'निर्धास्त दे'च्या दिवसांपासूनच्या.