पिपाणीचा तिसरा डोस

मिरजेत तेव्हा कुत्र्यांना एवढं आयुष्य मिळायला लागलं होतं, की तिशीची कुत्री चौकात बसून विशीच्या कुत्र्यांना दटावायची. रेबीज गेला, पार्वो गेला, गोचीडताप तर पोरांना फक्त पुस्तकात बघायला मिळायचा. दरसाल टोचणी, दरसाल तपासणी. कुत्र्याला मरायला कारण उरलं होतं एकच. धनी गेला की ते अन्न सोडायचं.

मग त्यावरही लस निघाली.

"तात्या, लस म्हणजे काय? रोगाचाच चिमूटभर अंश," डॉक्टर फरहाना मुजावर दामूतात्या लोंढेंना समजावत होत्या. "अंग त्याच्याशी कुस्ती खेळून डाव शिकतं. खरा रोग आला की मग चीतपट होत नाही. ही विरहलस तशीच. मी सुई टोचायची आणि तुम्ही लांब जायचं. आधी एक दिवस, मग चार, मग पंधरा. माणूस नसला तरी जेवायचं असतं, हे पिपाणीचं रक्त शिकतं."

पिपाणी म्हणजे तात्यांची कुत्री. तात्यांची हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेली. शेवटची काही वर्षं ही मागून असा सूर लावायची, की नवरदेवाचा घोडा बिचकून उलटा चालायला लागायचा.

तात्या अठ्ठ्याहत्तरचे, काळजात दोन स्प्रिंगा. पिपाणी अकराची, म्हणजे ऐन तारुण्यात. लस दिली नाही तर तात्यांच्या तेराव्याच्या आत तीही जाणार, हे ठरलेलं. आणि दिली तर?

"दिली तर ती माझ्यामागं रडणार नाही," तात्या म्हणाले. "लोकांच्या पोरी सासरी निघाल्या की मी अख्खा मांडव रडवलाय. आणि माझ्या वेळेला साधं कुत्रंसुद्धा नाही?"

"तुम्हाला रडणारी हवी का जगणारी?"

तात्यांनी पिपाणीकडं बघितलं. ती डॉक्टरांच्या खिशातल्या बिस्किटाकडं बघत होती.

"टोचा," ते म्हणाले.

पहिला डोस पार पडला. दुसऱ्याला तात्यांनी लबाडी केली. चार दिवस गावाला जायचं सोडून समोरच्याच लॉजवर खोली घेतली आणि रोज संध्याकाळी खिडकीतून हळूच क्लॅरिनेट फुंकली. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "तात्या, हिच्या रक्तात मला वरातीचा सूर ऐकू येतोय." डोस पुन्हा द्यावा लागला.

तिसऱ्याला मात्र ते खरंच गेले, कोकणात बहिणीकडं. पंधरा दिवसांनी परतले ते धापा टाकत. शेजारच्या भामाक्कांच्या ओट्यावर पिपाणी भाकरी खात होती. तिनं मान वर केली, शेपूट तीनदा हलवली आणि पुन्हा भाकरीत तोंड घातलं. एरवी ती तात्यांना आडवं पाडायची.

"लस लागली," दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला तपासून डॉक्टर म्हणाल्या. "शंभर टक्के. पेढे काढा."

तात्या हसले, जरा वेळानं. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा सुदाम, चंद्रावरच्या खाणीत फोरमन. तिकडून उत्तर यायला अडीच सेकंद लागायचे.

"बाबा, यंदाही दिवाळीला जमत नाही."

"बरं," तात्या म्हणाले. "जप स्वतःला." आणि फोन तसाच टेबलावर ठेवून दिला.

"वाईट नाही वाटलं?" डॉक्टरांनी विचारलं.

पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवावी, तसं तात्यांनी मनात चाचपलं. काहीच दुखलं नाही.

"कसं वाटेल? पहिला डोस पुण्याचं वसतिगृह. दुसरा बंगळूर. तिसरा चंद्र. माझापण कोर्स पुरा झालाय, डॉक्टरीणबाई." ते खो खो हसले, आणि हसता हसता मध्येच थांबले.

फोन चालूच होता. अडीच सेकंद झाले. पाच झाले. दहा झाले. मग त्यातून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही भांडला का नाही? दरवेळी तर भांडता." पन्नाशीचा फोरमन चक्क हुंदके देत होता. पिपाणीनं सवयीनं मागून सूर लावला.

तात्यांचा चेहरा हळूहळू फुलला. फोन हातानं झाकून ते कुजबुजले, "डॉक्टरीणबाई, ह्याला कुणी टोचलेलंच नाही की."

"मग टोचायचं का?"

"हात लावू नका. माझ्यामागं रडायला एवढा एकच शिल्लक आहे."