अव्वाचं ताट

जोतीराम टेलरनं ब्लाउज उलटा करून शिवण दाखवली. "ताई, दिवाळीपास्नं तिसऱ्यांदा आत घेतोय. अजून घेतला तर बाहुलीला बसंल की. आईंस्नी दाखवा कुणाला तरी."

चंदना कालच नॉर्वेहून कोल्हापूरला आली होती. दीड वर्ष तिकडं शिकत होती आणि ही पहिलीच सुट्टी. दारात अव्वाला, म्हणजे आईला, बघितलं तेव्हाच तिचं वाळलेलं अंग डोळ्यांत भरलं होतं. पण थंडीचे दिवस, वय झालं, असं काहीबाही स्वतःला सांगून ती झोपली होती. आता ब्लाउजची पिशवी घेऊन राजारामपुरीतून घरी येताना तिला तशी स्वतःची समजूत घालणं जमेना.

अण्णा, म्हणजे वडील, गेल्यापासून अव्वा दिवसातून एकदाच जेवायची, आणि सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. जैनाघरची बाई, व्रत अंगात मुरलेलं. सूर्यास्ताआधी जेवायचा नेम चंदनाही पाळायची, आणि पंचाईत तिची होती. तिचं तिकडचं गाव इतकं उत्तरेला की नोव्हेंबरअखेर बुडालेला सूर्य तोंड दाखवतो ते थेट जानेवारीत. मग सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणजे कधी? पहिल्याच वर्षी मायलेकींनी फोनवर खल करून तोडगा काढला. सूर्य कोल्हापूरचा धरायचा. इथं संध्याकाळी साडेपाच, तिथं दुपारी एक. अव्वा ताट वाढून फोन समोर ठेवणार, चंदना तिकडं डबा उघडणार. वसतिगृहातल्या पोरी हसायच्या. हसेनात का, तिला त्या अंधारात तेवढाच उजेड होता.

ती घरी पोचली तेव्हा अव्वा स्वयंपाकघरात वाढत होती. भाकरी, दोडक्याची भाजी, आमटीभात. ताट एकच. समोर डब्याला टेकवून फोन उभा केलेला.

"अव्वा, मी हितं हाय. फोन कशाला मांडलास?"

"तुझा फोन यील की आता."

"माझा? परीक्षेच्या गडबडीत महिनाभर मी फोनच केला न्हाय. सकाळी नुसता मेसेज टाकत होते."

अव्वा हसली. हसताना गालाची हाडं वर आली. "काय बोलतीस? रोज करतीस की. काल तू विमानात होतीस, तवाबी केलतास."

चंदना काही बोलणार तोच फोन वाजला. वर नाव होतं, चंदू. खाली तिचाच फोटो. तिचा स्वतःचा फोन तिच्या मुठीत होता, मुका आणि काळा.

अव्वानं बोट फिरवलं.

पडद्यावर चंदनाची खोली होती. तिचं टेबल, तिची खुर्ची, खिडकीबाहेर बर्फावर पडलेला दिव्याचा पिवळा डाग. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. उजेड पाठीमागून येत होता, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं. वेणी मात्र दिसत होती, पुढं घेतलेली, चंदना घेते तशी. आणि त्या गरम स्वयंपाकघरात ओल्या लोकरीचा वास यायला लागला.

"अव्वा... वाढलंस?" आवाज चंदनाचाच होता, फक्त संथ.

"वाढलंय बाळा."

"तू थांब... आधी माझं हूं दे..."

ताटाकडं गेलेला अव्वाचा हात माघारी येऊन मांडीवर पडला. शहाण्या मुलीसारखी ती वाट बघत बसली. पलीकडं घास चावल्याचा आवाज येत होता. सावकाश. फार सावकाश. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसत होती आणि तिच्यावरचं ऊन सरकत वर चाललं होतं.

तेव्हा चंदनाला सगळं समजलं. रोज हे असंच. तिकडचं जेवण संपत नाही, इकडचा सूर्य थांबत नाही, आणि व्रत मोडणारी अव्वा नव्हे. महिनाभर ही बाई दोन-चार घासांवर उठत होती, लेकीचं पोट भरलं या समाधानात.

भीती वाटली, खोटं कशाला सांगा. पण भीतीच्या डोक्यावर पाय देऊन संताप वर आला. माझं नाव, माझा आवाज, आणि माझ्याच आईला उपाशी मारतेय! तिनं ताट ओढलं, भाकरी मोडली.

"आ कर."

"अव्वा..." फोनमधून आवाज आला. "ती कोण हाय? तिच्या हातचं खाऊ नको... मी उपाशी हाय..."

अव्वाची नजर फोनकडं गेली, मग चंदनाकडं. "चंदे, कोणतं गं खरं?"

"पोटची पोर आईला उपाशी ठेवंल व्हय, अव्वा?"

अव्वा तिच्याकडं सरकली. मग तोंड उघडलं.

चंदनानं घास भरवला. दुसरा. तिसरा. खुर्चीतलं उठून उभं राहिलं. चौथ्या घासाला ते पडद्याजवळ आलं, सातव्याला खिडकीचा पिवळा डाग झाकला गेला. चंदनानं फोन बंद केला नाही. "बघ," ती म्हणाली. "डोळं फाडून बघ. माझी आई जेवतीया." टाकीवरचं ऊन बोटभर उरलं तेव्हा ताट रिकामं झालं होतं. अव्वा घटाघटा पाणी प्याली आणि लहान मुलासारखी रडली. मगच चंदनानं फोन पालथा घातला.

पुढं आठ दिवस रोज साडेपाचला फोन आला आणि रोज त्याच्या नाकासमोर अव्वा जेवली. नवव्या दिवशी आला नाही. अव्वाच्या गालांना जरा रंग चढला होता. "तिकडं जाऊ नगंस आता," ती म्हणाली.

"जाणार. माझं शिक्षण हाय ते. कुणाच्या बापाला भिऊन सोडू?"

तेवढ्यात मेसेज आला. वसतिगृहात तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी मोना. 'तू परतलीस हे सांगितलं का नाहीस? आठवडाभर दुपारी एकला तुझ्या खोलीतून ताट आपटल्याचा आवाज येतोय. आज तू आतून रडत होतीस.'

चंदनानं दोनदा वाचलं. मग लिहिलं, 'दार उघडू नकोस. मी दोन तारखेला येतेय.'

मोनाचं उत्तर यायला वेळ लागला. 'मी तुझा मेसेज तुझ्या दाराशी उभी राहून वाचला, मनातल्या मनात. तरी आतून तुझाच आवाज विचारतोय, किती वाजता येणार.'

अव्वा भाकरी मोडत होती. चंदनानं तिच्याकडं एकदा बघितलं, आणि उत्तर टाकलं, 'दुपारी एकला. सांग तिला.'