दुसऱ्यांदा कसायचे बोल्ट

वाडीच्या नाक्यावर सोनिकाच्या पिकअपनं मान टाकली. मागे काटोलची संत्री, वर मार्चचं ऊन, आणि बॉनेटमधून भसाभसा वाफ!

"भाऊ, पाहा ना गा... काहून एवढी तापून राहिली?"

समोरच्या गॅरेजातला पियुष एका ट्रकखालून बाहेर आला. पाहिलं, हुंगलं. "हेड गॅस्केट गेलं, मॅडम. इंजिन अन् त्याच्या वरच्या हेडच्या मधातली सीलची पट्टी."

सोनिका खर्चाचा हिशेब मांडू लागली. बाबांचे गुडघे गेले म्हणून गाडी तिच्या हाती आली होती. घर तिच्यावरच चालायचं. "इंजिन उतरवा लागते काय, भाऊ?"

"नाही. इंजिन आपल्या जागीच राहीन. वरचं हेड तेवढं उचलतो... अन् ते भाऊ-भाऊ नका करू."

तिनं संत्री दुसऱ्या गाडीनं मंडीत धाडली आणि तिथंच ठाण मांडलं. त्यानं पाणी काढलं, पाइप सोडवले, हेडचे बोल्ट खोलले. जड हेड दोघांनी मिळून उचललं, तेव्हा नजरेला नजर भिडली...

"हेडाकडं पाहा," ती म्हणाली.

"पाहूनच राहिलो."

नवं स्टीलचं गॅस्केट बसलं. त्याचे हात ग्रीसनं माखलेले, म्हणून तिनं मागे ठेवलेल्या एका संत्र्याची फोड त्याच्या तोंडापुढे धरली. तो घुटमळला, मग हळूच खाल्ली. तिचे कान तापले.

निघताना तो म्हणाला, "आठवड्यानं आणजा. हेडचे बोल्ट ढिले होतेत, दुसऱ्यांदा कसा लागतीन."

झालं! घरी तिचं कशातच लक्ष लागेना. चहा उतू गेला, भाजी करपली. शेवटी गावातल्या रुपराव मिस्त्रीला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

रुपराव खो-खो हसला. "स्टीलच्या गॅस्केटले दुसऱ्यांदा कोण कसते वं? जुन्या गाड्यायची गोष्ट ते. आता कसले तर बोल्ट तुटतीन!"

खोटारडा मेला! सोनिका रात्रभर तळमळली. राग यायचा, आणि लगेच छातीत धडधडायचं. आपल्याला बोलवायला खोटं बोलला असेल? पण जो माणूस इंजिनाबद्दल खोटं बोलतो, त्याच्यावर जीव कसा टाकायचा? तिनं ठरवलं, त्यानं बोल्टाला पाना लावला तर हा मुलगा कायमचा मनातून काढायचा.

आठवडा व्हायच्या आधीच ती वाडीत हजर झाली.

"लवकर आल्या?" पियुषच्या अंगात चक्क इस्त्रीचा शर्ट.

"कसा ना बोल्ट, भाऊ."

त्यानं बॉनेट उघडलं. पाना उचलला. नको लावू रे, नको लावू... पाना बोल्टापर्यंत गेला आणि थांबला. त्यानं तो खाली ठेवून दिला.

"नाही कसत. इंजिन खराब होईन तुमचं. गरजच नव्हती... मी खोटं बोललो."

"काहून?"

"नुसतं 'येजा' म्हणलं असतं, तर आल्या असत्या काय?"

चांगलं झापायचं ठरवून आली होती ती. पण डोळेच भरून आले, आणि वरून हसूही फुटलं.

"आता म्हणून पाहा."

"येजा," तो कसाबसा म्हणाला. "गाडी नाही बिघडली... तरी."

"पण गाडीबद्दल पुन्हा खोटं नाही."

"कधीच नाही."

तिनं डॅशबोर्डवरचं संत्रं सोललं, फोड त्याच्या तोंडापुढे धरली. आज त्याचे हात स्वच्छ होते.

"येईन, पियुष," ती म्हणाली.